मुका पाहुणा

रा. रा. व्याहीबुवा डॉक्टरसाहेब यांसी,

वाकून नमस्कार. (साष्टांग घालायचं मनात होतं, पण सध्या कॅम्पच्या घडीच्या खाटेवर झोपतो आहे, त्यामुळे एकदा आडवा झालो की उठवायला माणूस लागतो.) विहीणबाईंना वेगळा नमस्कार सांगावा. त्यांच्या गुडघ्याला आता उतार असेल अशी आशा आहे. तुमची पाठ कशी आहे? बसून काम करणाऱ्याने दर तासाला उठून चार पावलं टाकावीत, असं आमची मुख्य ताई रोज सकाळी ओरडून सांगते, म्हणून तुम्हालाही कळवतो. माझी प्रकृती उत्तम आहे. तशी कुठलीच तक्रार नाही.

आता तुम्ही म्हणाल, फोनच्या जमान्यात या माणसाला पत्र लिहायची हुक्की कुठून आली? तर इथे फोन चालत नाहीत. आल्या दिवशी सगळ्यांचे फोन, मोठ्यांचेसुद्धा, एका लोखंडी कपाटात गेले आणि कपाटाची किल्ली मुख्य ताईच्या गळ्यात गेली. शिवाय रविवारची दुपार हा इथे पत्रांचा तास असतो. मुलं असोत की माणसं, प्रत्येकाने घरी पत्र लिहायचं आणि बंद पाकीट जेवणघराच्या दारात स्वयंपाकीणबाईंना दाखवायचं. पाकीट नाही तर जेवण नाही. माझ्या शेजारी बसलेल्या पोरीने ‘मी मजेत आहे, उत्तर नको’ एवढं लिहून पाकीट चिकटवलं आणि ती रांगेत पुढे जाऊन उभीसुद्धा राहिली. मला तसं जमत नाही. लिहायला बसलं की सगळं यथासांग लिहावं लागतं. पेन्सिल मुलांकडून उसनी घेतली आहे, तेव्हा अक्षर पुसट वाटलं तर दोष पेन्सिलीचा समजावा.

पहिल्यांदा एक गैरसमज दूर करतो. आपल्या नातीची सुट्टी कुणाकडे जावी यावरून आपल्यात जरा मतभेद झाला होता. शेवटी सूनबाईंनी, म्हणजे तुमच्याच कन्येने, ‘दोघांकडेही नको, ती कॅम्पला जाईल’ असा निकाल दिला आणि आपण दोघांनीही तो मान्य केला. मग मी इथे कसा, असा प्रश्न तुमच्या मनात येणं स्वाभाविक आहे. (मी निघताना मुलगा सांगत होता की तो तुम्ही मोठ्याने विचारलात.) तर ऐका. कॅम्पच्या बसचा ड्रायव्हर शिडीवरून पडला आणि त्याचा हात गळ्यात आला. कॅम्पची मुख्य ताई ही माझी जुनी विद्यार्थिनी. गाडी मागे घ्यायला शिकवताना हिच्यापायी आमच्या ड्रायव्हिंग स्कूलचं कुंपण दोनदा नवं घालावं लागलं होतं. तिचा मला फोन आला, ‘सर, मुलांची गाडी आहे, दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला मन घेत नाही.’ आता सांगा, अशा वेळी नाही म्हणायला मी काय दगडाचा आहे? नात त्याच कॅम्पला आहे हे मला माहीत होतं, हे खरं. पण ते मी तिला सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही.

आणि माझ्या येण्याने मला काही फायदा झाला असं वाटत असेल, तर तुमचं मन शांत व्हावं म्हणून पुढची हकिगत लिहितो.

बस निघायच्या ठिकाणी मी ड्रायव्हरच्या सीटवर बसलो होतो. लवंगी पाठीवर तिच्याहून मोठी पिशवी घेऊन चढली. (आपण तिला लवंगी म्हणतो ते अगदी बरोबर आहे. आकार एवढासा आणि आवाज केवढा!) मला पाहून ती पायरीवरच थबकली. मला वाटलं, आता गळ्यात पडेल. ती माझ्या कानाशी वाकली आणि हळूच म्हणाली, “इथे तुम्ही माझे आजोबा नाही. कळलं?” मी म्हटलं, “मग कोण?” ती म्हणाली, “ड्रायव्हरकाका.” आणि मागे जाऊन खिडकीशी बसली. तिथून तिने मला एकदाच हाक मारली, “ओ काका, जरा जोरात चालवा ना!” अख्खी बस हसली. व्याहीबुवा, जिला मांडीवर घेऊन स्टिअरिंग धरायला शिकवलं, तिने मला ‘ओ काका’ म्हणावं! आरशात तिच्याकडे बघायलाही चोरी झाली.

इथली दुसरी रीत म्हणजे नाव. कॅम्पात पाऊल टाकलं की घरचं नाव गेटवर ठेवायचं. पहिल्या संध्याकाळी मैदानात शेकोटी पेटते, नवा माणूस मधोमध उभा राहतो, मुलं नावं सुचवतात आणि ज्या नावाला जास्त आरडाओरडा होतो ते त्याला चिकटतं. त्यात वशिला चालत नाही. (लवंगीलाही इथे वेगळं नाव मिळालं आहे, पण आपल्या पत्रात ती लवंगीच.) मुख्य ताईच्या चष्म्याच्या काचा गोल आणि जाड, म्हणून ती घुबडताई. स्वयंपाकीणबाई सदा वाफेत असतात, म्हणून त्या वाफमावशी. पोहणं आणि नावा सांभाळणारा उंच तरुण धक्क्यावर एका पायावर उभा राहून पाण्याकडे बघत असतो, तो बगळा. माझी पाळी आली तेव्हा ‘टक्कल’, ‘चंद्र’ वगैरे अपेक्षित नावं येऊन गेली. मी मनात म्हटलं, चंद्र काही वाईट नाही. तेवढ्यात मागून ओळखीचा आवाज आला, “गतिरोधक!” सगळं मैदान डोक्यावर घेतलं पोरांनी. आवाज कुणाचा ते सांगायला नकोच. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मुलांनी आळसापायी त्या नावाचं ‘गतीकाका’ करून टाकलं. म्हणजे जन्मभर लोकांना ‘हळू, हळू’ म्हणत आलेल्या माणसाचं म्हातारपणी हे असं बारसं झालं!

एक मात्र कबूल करतो, की नाव चुकीचं नव्हतं. आमच्या शाळेच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असायचा हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या ब्रेकवर पाय ठेवून माझी सगळी नोकरी झाली. आता गाडी नसली तरी पाय ऐकत नाही. मुलं झाडावर चढली की माझा पाय दाबला जातो. मुलं दोरीच्या पुलावरून पळाली की पुन्हा पाय. पहिल्या आठवड्यात माझ्या डाव्या बुटाची टाच झिजली. (उजव्याची नाही. हे घुबडताईने मला दाखवून दिलं, मला स्वतःला कळलं नव्हतं.)

बाकी दिनक्रम साधा आहे. पहाटे घंटा होते. घंटा म्हणजे झाडाला टांगलेला रुळाचा तुकडा आणि त्यावर हातोडी. मग थंड पाणी, मग मैदानावर उड्या, मग न्याहारी, मग तंबूची तपासणी. ज्याचा तंबू सगळ्यांत गबाळा, त्याला दिवसभर एक मोठी लाकडी पळी गळ्यात बांधून फिरावं लागतं. कर्मचाऱ्यांचे तंबूही तपासले जातात, आणि तपासणारी मुलंच असतात. पळी माझ्याकडे दोनदा आली. दुसऱ्यांदा माझ्या तंबूत एक बेडूक सापडला. बेडूक माझा नव्हता, पण अपील चालत नाही.

आता दोरीबद्दल सांगतो. जेवणघरात एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत दोरी बांधलेली आहे. दिवसभरात कुणाची कुठलीही वस्तू कुठे पडलेली सापडली, की ती चिमट्याने या दोरीवर लटकते. मोजे, टोप्या, टूथब्रश, एकदा तर एका पोराचं प्लास्टर (हात बरा झाल्यावर काढलेलं, पण त्याला ते जपून ठेवायचं होतं). वस्तू परत हवी असेल तर न्याहारीच्या वेळी सगळ्यांसमोर उभं राहून ‘ही माझी’ म्हणायचं आणि एखाद्या प्राण्याची नक्कल करायची. पोरांना यात फार मजा येते. काही जण मुद्दाम वस्तू हरवतात.

चौथ्या का पाचव्या दिवशी न्याहारीला गेलो, तर दोरीच्या अगदी मध्यावर माझी निळ्या पट्ट्यांची नाडीची चड्डी. वाळत घातलेली वाऱ्याने उडाली असणार. तिच्याकडे बोट दाखवून पोरं तर्क लढवत होती. कुणी म्हणे शिड आहे, कुणी म्हणे दोन माणसांचा तंबू. मी पावाला लोणी लावत राहिलो. नजर वर केली तर समोरच्या बाकावरून लवंगी माझ्याकडे बघत होती. तिला चड्डी ओळखू आली होती. येणारच, माझ्याकडे आली की घरच्या दोरीवर ती बघते. माझ्या हातातला पाव तसाच राहिला. पण तिने ओठ घट्ट मिटले, मान खाली घातली आणि दूध प्यायला लागली. व्याहीबुवा, त्या एका गोष्टीवर मी दोन दिवस काढले. ओळख दाखवत नाही तर नाही, पोरगी निदान इज्जत तरी राखते आहे!

चड्डी अर्थात दोरीवरच राहिली. माझ्याच्याने गाढवाची नक्कल होईना.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. कॅम्पाला लागून तळं आहे आणि तळ्याच्या मध्यावर झाडांचं एक बेट. प्रत्येक तंबूने एक दिवस स्वतः नाव वल्हवत त्या बेटावर जायचं, बेटावरच्या दगडांच्या ढिगावर आपला एक दगड ठेवायचा आणि परत यायचं, ही इथली सगळ्यांत मोठी रीत. नावेत मुलांबरोबर एक मोठं माणूस असतं. पण त्याने मागच्या फळीवर हात मांडीवर ठेवून नुसतं बसायचं. सूचना नाही, खाणाखुणा नाहीत, हुंकारसुद्धा नाही. त्याला ‘मुका पाहुणा’ म्हणतात. पाहुणा बोलला की नाव तिथूनच परत फिरवायची आणि संध्याकाळी त्या तंबूने मोठी पातेली घासायची. काळजी करू नका, प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट असतं आणि बगळा आपल्या नावेतून मागे-मागे असतो. पण कुणी पाण्यात पडलं किंवा शिट्टी वाजवली तरच तो जवळ येतो.

पाहुणा मुलं निवडतात. आम्हा मोठ्यांना धक्क्यावर ओळीने उभं केलं होतं. वाफमावशी पहिल्या झटक्यात गेल्या, कारण त्यांच्या खिशात बिस्किटं असतात. घुबडताई गेली, नर्सबाई गेल्या, माळीही गेला. उरलो मी, आणि चिठ्ठीत शेवटचा नंबर आलेला मुंगूस तंबू. मुंगूस तंबू म्हणजे लवंगीचा. तिच्या दोन मैत्रिणींशी तुमची ओळख करून देतो. एक ढग. अंगाने भरलेली, मनाने हळवी, कुठल्याही क्षणी बरसते. दुसरी नियमावली. तिला कॅम्पाचे सगळे नियम तोंडपाठ आहेत आणि कुणी विचारलं नाही तरी ती सांगते. नियमावलीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “हे गप्प बसतील का?” लवंगी खांदे उडवून म्हणाली, “चालतील.”

निघालो. ढग एका वल्ह्यावर, नियमावली दुसऱ्यावर, लवंगी पुढच्या टोकाला कप्तान. ढगच्या हातात बळ फार, नियमावलीच्या हातात नियम फार. त्यामुळे नाव सरळ जाईना, गिरक्या घेऊ लागली. धक्का समोर आला, बेट समोर आलं, पुन्हा धक्का आला. बाकीच्या नावा पुढे निघून गेल्या. मी मागच्या फळीवर हात मांडीवर ठेवून बसलेला. पाय काय करत होता ते विचारू नका. पायाखालची खिळ्यांनी ठोकलेली एक पट्टी मी दाबून दाबून सैल केली. वीस पोरांना एकाच वेळी गाडी शिकवणं परवडलं, पण ‘ढग, तू जरा हळू मार’ हे साधं वाक्य गिळणं फार कठीण. ते घशात अडकलं की कानांतून वाफ येते.

शेवटी लवंगीनेच युक्ती काढली. ढगने एकदा मारायचं, नियमावलीने दोनदा. नाव नागमोडी का होईना, पण पुढे सरकू लागली. मला बरं वाटलं. तेवढ्यात वारा सुटला. फार नाही, कपडे लवकर वाळावेत एवढाच. पण त्याने आम्हाला अलगद उचलून तळ्याच्या कडेच्या उंच लव्हाळ्यात नेऊन सोडलं. ढगने घाबरून वल्हं खोल खुपसलं, ते चिखलात रुतलं. नाव पुढे गेली आणि वल्हं मागे राहिलं, चिखलात सरळ उभं, बसच्या थांब्याच्या खांबासारखं. आम्ही त्याच्यापासून हळूहळू लांब चाललो होतो आणि चौघंही त्याच्याकडे बघत होतो.

मग ढग बरसली. नियमावली म्हणाली, “वल्हं हरवलं तर काय करायचं याचा नियमच नाहीये.” हे म्हणताना तिचाही आवाज कापरा झाला, कारण नियम नाही असं तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. तेवढ्यात नाव पाण्याखालच्या एका खोडावर धाडकन आदळली. आम्ही सगळेच पुढे झुकलो. लवंगी वळली. तिचे डोळे एवढे मोठे झाले होते. आणि दोघींच्या डोक्यांवरून ती मला म्हणाली,

“आजोबा, सांगा ना!”

ढगचं रडणं थांबलं. “आजोबा?” नियमावली म्हणाली. “तुझे?”

डॉक्टरसाहेब, आता तुम्हीच कल्पना करा. इतक्या दिवसांनी त्या तोंडून आजोबा ही हाक आली होती. मला काय करायचं ते माहीत होतं. एक शब्द टाकला असता तर काम झालं असतं. पण मी डावा हात उचलला आणि घट्ट तोंडावर ठेवला. ठेवला तो ठेवलाच. डोळ्यांत पाणी आलं. (वारा होताच.) लवंगी माझ्याकडे बघत राहिली. आधी तिला खरं वाटेना. मग तिला राग आला, नाकाचा शेंडा तुमच्या कन्येचा होतो तसा लाल झाला. मग ती माझ्याकडे पाठ करून बसली आणि हनुवटीवर मूठ ठेवून विचार करू लागली. मी मनातल्या मनात सांगत होतो, बाळ, हाताशी काय आहे ते बघ. पण मनातलं ऐकू जात नाही आणि खुणा करायची बंदी.

थोड्या वेळाने ती म्हणाली, “ढग, हे गवत उपटून बघ.” ढगने लव्हाळ्याचा झुबका धरून ओढला. गवत काही उपटलं नाही, नावच झुबक्याकडे गेली. तिघी एकमेकींकडे बघतच राहिल्या. आणि मग काय विचारता! एक झुबका सोडायचा, दुसरा धरायचा. ढग ओढते आहे, नियमावली ‘एक, दोन, ओढ’ असा ताबडतोब नवा नियम करून मोकळी झाली आहे आणि लवंगी नावेच्या टोकावर पालथी पडून दिशा सांगते आहे. हातामागून हात टाकत तिघींनी ती नाव उलटी खेचत वल्ह्यापर्यंत आणली. वल्हं काढायला ढगने असा हिसका दिला की चिखल माझ्या टकलावर आला. कुणाचंही लक्ष नव्हतं. मीही पुसला नाही.

बेटावर पोचलो तेव्हा बाकीचे खाऊन-पिऊन परत निघायच्या तयारीत होते. वाफमावशींची बिस्किटं संपली होती. मुंगूस तंबूचा दगड ढिगावर ठेवायचा बाकी होता. नियमावलीने सांगितलं की दगड कप्तानाने ठेवायचा असतो. लवंगीने दगड उचलला, माझ्यापाशी आली आणि तो माझ्या हातात दिला.  मी तो ढिगावर ठेवला.

संध्याकाळी शेकोटीपाशी प्रत्येक नावेने आपली हकिगत सांगायची असते. लवंगी उभी राहिली आणि म्हणाली, “आमची नाव अडकली होती. आमचे पाहुणे एक शब्दसुद्धा बोलले नाहीत. मी त्यांना विचारलं तरी बोलले नाहीत. ते माझे खरे आजोबा आहेत.” लगेच घुबडताईने चष्मा पुसायला घेतला. (ती शिकत असताना मी तिच्यावर किती ओरडायचो, हे तिला आठवलं असावं. मी गप्प बसलो हे तिला खरं वाटलं नसणार.)

आणि दुसऱ्या दिवशीच्या न्याहारीला जे घडलं, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पोरगी तरातरा उठली, दोरीखाली बाक सरकवला, बाकावर चढली, निळ्या पट्ट्यांची चड्डी चिमट्यातून सोडवली आणि सगळ्यांना दिसेल अशी दोन्ही हातांनी पसरून ओरडली, “ही माझ्या आजोबांची आहे!” आणि मग तिने गाढवाची नक्कल केली. मागचे पाय झाडून, चांगली लांबलचक. जेवणघरात टाळ्यांचा कडकडाट झाला. तिने चड्डीची व्यवस्थित घडी केली आणि आणून माझ्या ताटाशेजारी ठेवली. व्याहीबुवा, माझी चारचौघांत इतकी शोभा आजवर झाली नव्हती आणि इतका आनंदही कधी झाला नव्हता. आता ती मला सगळ्यांसमोर आजोबा म्हणते. आता तर अर्धा कॅम्प म्हणतो.

त्या दिवसापासून मी फारसा बोलत नाही. मुलांना वाटतं, गतीकाकांनी मौन धरलं आहे. दोन पोरं माझ्याबरोबर मौन पाळायला बसतात. घुबडताई म्हणते, कॅम्पात असं वातावरण आजवर नव्हतं. जेवणही मी हलकंच ठेवलं आहे, सूप आणि भिजवलेला पाव. अंगाला फार मानवतं. मला वाटतं, माणसाला एका वयानंतर बोलण्याची गरजच उरत नाही. जीवनात गप्प बसण्यासारखं सुख नाही, हे मला त्या नावेत उमगलं. तुम्हीही प्रयोग करून पाहावा.

तर असं आहे सगळं. नात मजेत आहे, उन्हाने रापली आहे, गुडघा फुटला होता तो भरून आला आहे. तिने आजचं पत्र तुम्हालाच लिहिलं आहे, ते वेगळ्या पाकिटात येईल. पुढच्या शनिवारी कॅम्पाचा समारोप आहे, सगळ्यांच्या घरची माणसं येतात. विहीणबाईंना जमत असेल तर अवश्य आणावं. चढण नाही. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नये.

तुमचा,
व्याही
(इथला गतीकाका)

ता. क. — पाकीट चिकटवायच्या आधी एक बारीकसा तपशील. नाव खोडावर आदळली, तेव्हाची गोष्ट. वर मी हात तोंडावर ठेवला असं लिहिलं आहे, ते अक्षरशः खरं आहे. फक्त त्याच्या आधी मी तोंड उघडलं होतं. जोरात उघडलं होतं. ‘ब्रेक!’ असं ओरडणार होतो, पण शब्द निघायच्या आत कवळी निघाली. वरची. तुम्ही केलेली. थेट पाण्यात. ढगला वाटलं, मासा उडाला. त्यानंतर मी काय बोलणार आणि कोणत्या तोंडाने बोलणार? कवळी बसवताना मी ‘जरा सैल वाटते’ म्हणालो होतो आणि तुम्ही ‘सवय होईल’ म्हणाला होतात, हा मुद्दा मी या ठिकाणी मुळीच उकरून काढत नाही. एवढंच विचारतो, की माझ्या दातांचा साचा तुमच्या दवाखान्यात अजून असेल ना? असेल तर कृपा करून शनिवारच्या आत दुसरी करून, शहरातून रोज इथे येणाऱ्या पाववाल्याच्या व्हॅनबरोबर पाठवावी. पार्सलवर ‘चष्मा’ लिहावं. खाऊ म्हटलं तर घुबडताई फोडून बघते. घाई एवढ्यासाठी, की बगळा या आठवड्यात लव्हाळ्याकडचा गाळ उपसणार आहे. पहिली सापडली तर ती कुठे लटकेल, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. मुलाला आणि सूनबाईंना यातलं काही सांगू नये.

ता. क. दुसरा — लवंगीला हे ठाऊक आहे की नाही, मला कळत नाही. काल रात्रीच्या जेवणाला ती माझ्याशेजारी येऊन बसली, माझा पाव स्वतःच्या हाताने बारीक कुस्करून माझ्या सुपात घातला आणि दुसरीकडे बघत जेवायला लागली.

ता. क. तिसरा, आणि शेवटचा — समारोपाच्या दिवशी घरच्या माणसांना नावेतून बेटावर नेतात. लवंगीने आताच येऊन विचारलं, “डॉक्टरआजोबांना गप्प बसता येईल का?” व्याहीबुवा, रुग्णाच्या तोंडात दोन्ही हात घालून त्याला ख्यालीखुशाली विचारणारे तुम्ही. मी मान हलवून ‘हो’ म्हटलं आहे. आता माझा शब्द, म्हणजे माझी मान, राखणं तुमच्या हाती. तिने नियमावलीकडून तपासून घेतलं, एका नावेत दोन पाहुणे चालतात. मागच्या फळीवर आपल्या दोघांची जागा तिने धरून ठेवली आहे. अट एकच, दोन पाहुण्यांनी एकमेकांशीही बोलायचं नाही. ते काही आपल्याला जड जाणार नाही. सुट्टीचं भांडण झाल्यापासून आपला सराव चालूच आहे. तो बेटावर पोचेपर्यंत पुरवू, आणि तिथे उतरलो की मोडू.